हॉब नवा आहे म्हणून गॅसचा वास येत नसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन बर्नरची जुनी शेगडी काढून चार बर्नरचा काचेचा हॉब बसवला. ओट्याखाली ट्रॉल्या आहेत, त्यातल्याच एका कप्प्यात सिलेंडर. तीन दिवस झाले, सकाळी त्या कप्प्याचं दार उघडलं की गॅसचा वास येतो. दिवसभर येत नाही. हॉब बसवून गेलेला माणूस फोनवर म्हणतो, "नवीन आहे, आठवडाभर येईल, मग आपोआप जाईल." सिलेंडर आणणारा म्हणतो टाकी चांगली आहे. सासूबाई म्हणतात, वासबीस काही नाही, तुला भास होतोय. यातलं कोणाचं खरं मानायचं?

तुमच्या नाकाचं. मी सत्तावीस वर्षं गॅसच्या शेगड्या, हॉब आणि पाइपलाइनची कामं करतोय. "नवीन आहे म्हणून येतो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की आधी पाना काढून हातात घेतो.

पहिलं काम आत्ता करायचं. रेग्युलेटरचं बटण बंद करा आणि गळती सापडेपर्यंत त्या हॉबवर स्वयंपाक करू नका. इंडक्शन असेल तर त्यावर भागवा, नसेल तर दोन दिवस शेजारधर्म आहेच. कप्प्याचं दार उघडं ठेवा, स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा.

घाई कशाला, वास तर थोडाच आहे, असं वाटेल. म्हणून एक हिशेब मांडतो. सिलेंडरचा कप्पा साधारण 60 सेंटिमीटर रुंद, 55 खोल आणि 70 उंच धरला तर आत दोनशे तीस लिटर हवा मावते. एलपीजी हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की मिश्रण पेट घेऊ शकतं. दोनशे तीस लिटरचे दोन टक्के म्हणजे साडेचार लिटर वायू, आणि त्याचं वजन भरतं जेमतेम 10 ग्रॅम. टाकीत 14.2 किलो असतो. म्हणजे टाकीतल्या गॅसचा हजारावा भागही लागत नाही, आणि वजन करून ही गळती कधीच कळणार नाही. एलपीजी हवेपेक्षा जवळपास दुप्पट जड असतो, त्यामुळे तो वर जात नाही, पाण्यासारखा तळाशी साठतो. दिवसा तुमची दारं उघडझाप होतात, खिडकी उघडी असते, तो पांगतो. रात्री आठ तास सगळं बंद. सकाळी तुम्ही दार उघडता तेव्हा रात्रभराचा साठा तुमच्या पायांवर येतो. "फक्त सकाळीच येतो" याचा अर्थ गळती फक्त रात्री होते असा नाही. ती चोवीस तास चालू आहे.

एखाद्या सकाळी वास नेहमीपेक्षा जोराचा आला तर काय करायचं तेही आत्ताच सांगून ठेवतो, कारण त्या वेळी वाचायला सवड नसते. दिवा लावायचा नाही, आणि लागलेला असेल तर बंदही करायचा नाही. खटका दोन्हीकडे दाबताना ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅन लावायचा नाही. ही चूक शिकलेसवरलेले लोक हमखास करतात, वास घालवायला पंखा लावावा असंच कोणालाही वाटतं. देवघरातली समई, उदबत्ती, डासांची अगरबत्ती तेवढी विझवा. रेग्युलेटर बंद करा. बंद करूनही वास थांबत नसेल आणि हात पोहोचत असेल तर रेग्युलेटर काढून टाकीसोबत आलेली, दोरी बांधलेली प्लास्टिकची टोपी तोंडावर दाबून बसवा. दारंखिडक्या उघडा, पोरांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर पडा, आणि फोन बाहेर जाऊन करा. 1906 हा एलपीजी गळतीसाठीचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो. फ्रिजचं बटण काढायला आत परत जाऊ नका. मीटरजवळचा मेन स्विच घराबाहेर असेल तर तो तिथून पाडा, आत असेल तर नाही.

आता मूळ प्रश्न. नव्या हॉबला वास येतो हे खोटं नाही, पण तो वास वेगळा. बर्नरवर कारखान्यातलं तेल असतं, भांडं ठेवायच्या जाळीवर रंग असतो. पहिल्या चार-सहा वेळा पेटवलं की ते जळतं आणि तापलेल्या तव्यावर तेल करपल्यासारखा वास येतो, कधी हलका धूरही निघतो. हा वास हॉब पेटलेला असतानाच येतो, वरच्या बाजूला येतो आणि दोन-तीन दिवसांत संपतो. तुमचा वास हॉब बंद असताना, खाली, बंद कप्प्यात येतोय. तो सडक्या कांदा-कोबीसारखा असेल तर ते मर्कॅप्टन. मुळात एलपीजीला वास नसतो, गळती कळावी म्हणून हे रसायन मुद्दाम मिसळतात, आणि हवेतला गॅस पेट घेण्याच्या पातळीच्या पाचव्या हिश्श्यावर असतानाच माणसाला वास यावा इतक्या बेतानं मिसळतात. हा वास "जुना" होऊन जात नाही. आठवड्यानंतर तो गेल्यासारखा वाटला तर नाकाला सवय झाली असंच समजायचं.

सासूबाईंचंही तसंच. त्या खोटं बोलत नाहीत. वय वाढलं की वासाची जाण कमी होते, कोविडनंतर तर तरुणांचीही गेली. शिवाय मर्कॅप्टनच्या वासात थोडा वेळ राहिलं की नाक बधिर होतं. दिवसभर त्याच स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला शेवटी कळतं. त्यामुळे घरात वाद घालू नका, मतमोजणीही करू नका. एकाला जरी वास आला तरी तपासायचं.

माझा सगळा शोध एकाच प्रश्नानं सुरू होतो: शेवटी हात कुठे लागला? तीन दिवसांपूर्वी वास नव्हता, आता आहे. मधे जे जे उघडलं, फिरवलं, ओढलं, तिथेच कुठेतरी गळती असते. हॉब स्वतः कारखान्यातून दाबाखाली तपासून येतो; त्याच्या आत गळती निघणं मी सत्तावीस वर्षांत मोजक्या वेळा पाहिलंय, तीही बहुतेकदा वाहतुकीत आदळलेल्या मालात. सांधे मात्र तुमच्या घरी, ओट्याखाली वाकून, मोबाइलच्या उजेडात बांधले जातात.

माझा पहिला संशय हॉबच्या पोटाखालच्या एल्बोवर, म्हणजे काटकोनात वळलेल्या पितळी जोडावर. हॉबला मागच्या कोपऱ्यात अर्धा इंची आट्यांचं तोंड असतं, त्यावर एल्बो, त्यावर खाचांचं नोझल, आणि नोझलवर नळी. यातला काही सांधा आट्यांवर टेफ्लॉन टेपनं आवळायचा असतो आणि काही सांधा वायसरवर बसायचा असतो. दोन्हींत गल्लत होते. वायसरच्या सांध्यावर भसाभस टेप गुंडाळला की आटे आधीच घट्ट होतात आणि वायसर नीट दाबलाच जात नाही. हाताला घट्ट लागतो, गॅस मात्र हळूहळू निघत राहतो. काही जण नळाच्या कामाचा पातळ पांढरा टेप वापरतात, गॅससाठी जाड पिवळा येतो.

याहून जास्त वेळा दिसणारा प्रकार सांगतो. एल्बो व्यवस्थित आवळला, हॉब ग्रॅनाइटच्या खाचेत सोडला, आणि मग लक्षात आलं की नोझलचं तोंड भिंतीकडे आहे, नळी तिकडून येत नाही. मग काय, खालून हात घालून एल्बो पाव आटा उलटा फिरवला. झालं. टेपचा सांधा एकदा मागे फिरवला की तो सांधा राहत नाही, तो सोडून नवा टेप लावूनच परत आवळावा लागतो. हे करायचं तर अख्खा हॉब पुन्हा वर काढायचा, आणि संध्याकाळी सहाला पाचवं घर बाकी असतं तेव्हा ते कोण करतं?

दुसरा संशय नळीवर. तुमच्याकडे जुनीच केशरी नळी परत लावली का, ते पाहा. नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. पण तारीख शिल्लक असली तरी जुनी नळी नव्या नोझलवर चढवणं मला पसंत नाही. चार वर्षं एका नोझलवर बसलेल्या नळीचं तोंड त्या नोझलच्या मापाचं झालेलं असतं. नव्यावर ते सैल बसतं, क्लिप आवळून आवळून भागवतात, आणि क्लिपखाली रबराला चीर जाते. नळीचे दोन तुकडे मधे जोडून लांबी वाढवलेली दिसली तर पुढचं काही तपासू नका, ती आधी काढून टाका. नळी अखंडच हवी. नोझलवर सरकावी म्हणून गोडेतेल लावणारेही भेटतात, तेलानं रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

ट्रॉलीत सिलेंडर असेल तर आणखी एक भानगड असते. सिलेंडर चाकांच्या पाटावर असतो, आपण तो बाहेर ओढतो, आत ढकलतो, आणि दर वेळी नळी नोझलपाशी मुडपते. बाहेर ओढलेला असताना तपासलं तर सगळं ठीक, आत ढकलला की गळती सुरू. म्हणून तपासणी दोन्ही स्थितींत करायची. नळी हॉबच्या तापणाऱ्या तळाला टेकत नाही ना आणि प्लायवूडला पाडलेल्या भोकाची कड तिला घासत नाही ना, तेही बघा. उंदरांचा विषय काढला की लोक हसतात, पण नळीच्या आत तारेची जाळी असते ती काही शोभेसाठी नाही.

तिसरा संशय सिलेंडरच्या तोंडावर, कारण हॉब बसवताना रेग्युलेटर काढला-लावला गेला असणारच. तोंडाच्या आत काळी रबरी रिंग असते. ती कापली गेली, वाळली किंवा रेग्युलेटरला चिकटून बाहेर आली तर रेग्युलेटर चालू असताना तिथून गॅस निघतो. सिलेंडरवाला म्हणतो टाकी चांगली आहे, ते त्याच्या परीनं खरं असू शकतं. तो तोंडात पाणी ओतून बुडबुडे येतात का पाहतो. त्यातून आतल्या पिनची गळती कळते. रिंगची कळत नाही, कारण रिंगचं काम रेग्युलेटर लागल्यावरच सुरू होतं.

इथे तुम्हाला हाताला काही न लावता करता येईल असा एक निवाडा आहे. आज रात्री रेग्युलेटर बंद राहणारच आहे. तेवढ्या रात्रीपुरतं कप्प्याचं दार लावा, खिडकी उघडीच राहू द्या. उद्या सकाळी कप्पा उघडताना वास आला का ते बघा. रेग्युलेटर बंद असूनही वास आला तर गडबड टाकीच्या पिनमध्ये आहे, टाकी बदलून घ्यायची. नाही आला तर रिंग, नळी, एल्बो किंवा हॉब, म्हणजे रेग्युलेटर चालू केल्यावर जिथे जिथे गॅस पोहोचतो तिथे. एका रात्रीत निम्मा शोध संपतो.

साबणाची तपासणी घरी करता येते, पण दिवसाउजेडी, खिडक्या उघड्या ठेवून, आणि आधीचा वास पूर्ण पांगल्यावरच. वाटीभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, आणि रंगाचा छोटा ब्रश किंवा जुना टूथब्रश. रेग्युलेटर चालू, हॉबची चारही बटणं बंद. रेग्युलेटर टाकीवर बसतो ती कड, नळीची दोन्ही टोकं, एल्बो, शेवटी बटणांच्या दांड्या. प्रत्येक जागी मिनिटभर थांबा. ढवळण्याचा फेस असतो तो बसत जातो, गळतीचा बुडबुडा मोठा होत जातो, फुटतो आणि त्याच जागी परत येतो. काडी पेटवून तपासणाऱ्याला घरात घेऊ नका. होय, अजून आहेत.

यातली माझी फजितीही सांगतो. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. एका घरी सगळे सांधे साबणानं तपासले, एकही बुडबुडा नाही, मालकांना ऐटीत दाखवलं आणि निघालो. दुसऱ्या दिवशी बोलावणं, वास येतोय. उस्ताद आले, त्यांनी ब्रश हातात घेतला आणि मला विचारलं, काल रेग्युलेटर चालू होता का? नव्हता. सुरक्षित म्हणून मी तो बंद करून तपासणी केली होती. ज्या नळीत गॅसच नाही तिला बुडबुडे कुठून येणार! तेव्हापासून आधी एक बर्नर पेटवून बघतो, विझवतो, आणि मगच ब्रश लावतो.

बुडबुडे सापडले तर रेग्युलेटर बंद करा आणि माणूस बोलवा. क्लिप पाव आटा आवळण्यापलीकडे स्वतः काही करू नका. एल्बो तर नकोच, पितळी आटे जास्त आवळले की तडकतात. बुडबुडे सापडले नाहीत म्हणजे गळती नाही असंही नाही. बारीक गळती एल्बोच्या मागच्या बाजूला असते, तिथे ब्रशही पोहोचत नाही आणि नजरही. त्यासाठी दाबाची तपासणी असते. चांगल्या मेकॅनिककडे यू आकाराची पारदर्शक नळी असते, तिच्यात पाणी भरलेलं. तिचं एक टोक बर्नरच्या जेटला, म्हणजे गॅस बाहेर येतो त्या बारीक भोकाच्या तुकड्याला, लावायचं आणि त्या बर्नरचं बटण उघडायचं. घरगुती रेग्युलेटरचा दाब 30 मिलिबारच्या आसपास असतो, त्यामुळे दोन बाजूंच्या पाण्यात तीस-पस्तीस सेंटिमीटरचा फरक पडतो. मग रेग्युलेटर बंद करून पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. पाणी जागचं हललं नाही तर रेग्युलेटरच्या पुढचे सगळे सांधे घट्ट. खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळतंय, मग भलेही वास कोणालाच येत नसो. सासूबाईंची आणि तुमची समजूत पटवायला याहून चांगलं साधन नाही.

गळती नसतानाही नव्या हॉबमुळे गॅसचा वास येतो, असे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे बटणांची सवय. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांना बंद, मग मोठा, आणि शेवटी बारीक असा क्रम असतो. मोठ्यावरून बंद करताना घाईत बटण उलटीकडे फिरतं आणि बारीक होतं. वर दूध उतू जाऊन ज्योत विझलेली असली की कोणाला कळतही नाही. ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय हॉबमध्ये असेल तर हा धोका टळतो. त्या हॉबमध्ये पेटल्यावरही बटण तीन-चार सेकंद दाबून धरावं लागतं, ते बिघाडाचं लक्षण नव्हे. पण लायटरची बॅटरी उतरली असेल आणि नुसतं टकटक होत असेल तर बटण दाबून धरू नका, तेवढा वेळ कच्चा गॅस बाहेर येतो.

दुसरा प्रकार जेटचा. पाइपगॅस आणि सिलेंडर यांचे जेट वेगळे असतात, पाइपगॅसच्या जेटचं भोक मोठं. तसा हॉब चुकून सिलेंडरवर लागला तर ज्योत उंच, पिवळी आणि हलती येते, भांड्यांची बुडं काळी होतात, डोळे चुरचुरतात. यात अर्धवट जळालेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो. तुमची ज्योत निळी आणि स्थिर असेल तर हा मुद्दा सोडून द्या. ज्यांच्याकडे पाइपगॅस आहे त्यांनी जेट कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यावेत. ड्रिलनं भोक मोठं करून देणारे असतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा. आणि पाइपगॅस हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो, तेव्हा वास खाली नाही, वर शोधायचा. त्यांच्यासाठी मीटर हीच तपासणी: सगळं बंद करून आकडा लिहून ठेवा, अर्ध्या तासानं बघा. आकडा हलला असेल तर मीटरनंतर कुठेतरी गळतंय.

एक कबुलीही देऊन टाकतो. एका घरी मी तीनदा गेलो. रिंग बदलली, नळी बदलली, पाणी जागचं हलेना, पण बाईंना वास येतच होता. तिसऱ्यांदा त्यांच्या पोरानं शेजारची बास्केट बाहेर ओढली, तर तळाशी दोन बटाटे सडून त्यांचं पाणी झालेलं. मर्कॅप्टनच्या इतक्या जवळचा वास स्वयंपाकघरात दुसरा नाही. तेव्हा बास्केटा एकदा रिकाम्या करून बघा, पण ते रेग्युलेटर बंद केल्यानंतर.

गळती दुरुस्त झाली तरी तो कप्पा तसाच ठेवू नका. खाली जमिनीलगत आणि वर, दोन्हीकडे हवा जाईल अशी जाळी पाडून घ्या. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे. गॅसचा अलार्म लावणार असाल तर तो जमिनीपासून फूटभर उंचीवर. मी तो छताजवळ लावलेला पाहिलाय, सिलेंडरच्या घरात, आणि लावणाऱ्यानं पैसेही पूर्ण घेतले होते.

हॉब बसवणाऱ्याला आता फोनवर "वास येतोय" एवढंच सांगू नका, तो तुम्हाला आठवड्याची मुदत देईल. "दाबाची तपासणी करून पाणी थांबलेलं दाखवा" असं म्हणा आणि ती पाच मिनिटं शेजारी उभ्या राहा. तो नाही म्हणाला तर गॅस एजन्सीकडे तक्रार नोंदवून त्यांचा मेकॅनिक बोलवा. दुरुस्ती झाली की एका दुपारी स्वयंपाक आटोपल्यावर रेग्युलेटर चालू, हॉबची बटणं बंद, कप्प्याचं दार बंद आणि खिडकी उघडी, असं दोन तास राहू द्या. मग दार तुम्ही उघडू नका. बाहेरून नुकतंच आलेलं कोणीतरी, कामाच्या मावशी किंवा शाळेतून आलेलं पोर, त्यांना वाकून वास घ्यायला सांगा. त्यांचं नाक ताजं असतं.